बजरीगरच्या जोडीसाठी 30 इंची पिंजरा : सांगाडा घेण्याजोगा, आतले सामान बदलण्याजोगे

घरात बजरीगर या छोट्या पोपटाची जोडी ठेवणाऱ्यांसाठी ऑनलाइन बाजारात ‘संपूर्ण संच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, 30 इंच लांब, 18 इंच रुंद आणि 18 इंच उंच अशा आडव्या पिंजऱ्याचे हे परीक्षण आहे. हाच पिंजरा तीन-चार निरनिराळ्या नावांखाली, जवळपास त्याच छायाचित्रांसह विकला जातो. त्यामुळे विक्रेत्याचे नाव घेण्यात फारसा अर्थ नाही. पांढरे किंवा काळे पावडर कोटिंग (तारांवर भाजून बसवलेला रंगाचा थर), पुढच्या बाजूला वर सरकणारी दोन दारे, खाली ओढून काढता येणारा प्लॅस्टिकचा ट्रे आणि सोबत दांड्या, वाट्या, आरसा, घंटी व मातीचे छोटे मडके असा ऐवज असेल, तर तो हाच समजावा. आम्हाला तो सुमारे 3,800 रुपयांना पडला, चाकांचा स्टँड वेगळा घ्यावा लागला, आणि उन्हाळा व पावसाळा हे दोन्ही ऋतू त्याने काढल्यावर हे लिहीत आहे. मत आधीच सांगून टाकतो: या किमतीत सांगाडा उत्तम आहे, आणि त्याच्यासोबत ‘मोफत’ म्हणून जे काही येते त्यातले जवळजवळ सर्व बाजूला काढून ठेवण्याच्या लायकीचे आहे.

पिंजरा कोणत्या पक्ष्यासाठी, हे जाहिरातीत गुळमुळीत लिहिलेले असते. ‘सर्व प्रकारच्या पोपटांसाठी’ या शब्दांना भुलू नये. आपल्याकडचा राघू, करण पोपट किंवा टुई हे देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित आहेत. ते पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे, पिंजरा कितीही प्रशस्त असला तरी. बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी आहे आणि आपल्याकडे विकले जाणारे सर्व पक्षी पिंजऱ्यातच पैदास झालेले असतात. दुकानात बहुतेक वेळा तो ‘लव्हबर्ड’ म्हणूनच मागितला आणि विकला जातो. खरा लव्हबर्ड मात्र आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जास्त ताकदीच्या चोचीचा पक्षी आहे. हा पिंजरा बजरीगरच्या एका जोडीला पुरतो. कॉकटिएल या तुरा असलेल्या, आकाराने मोठ्या पोपटासाठी तो लहान आहे, आणि लव्हबर्डच्या चोचीपुढे यातल्या प्लॅस्टिकच्या वाट्या फार काळ टिकणार नाहीत.

या पिंजऱ्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याची लांबी. बाजारात अजूनही गोल किंवा देवळाच्या कळसासारखे निमुळते पिंजरे मिळतात; ते दिवाणखान्यात शोभतात, पण पक्ष्याच्या काहीच कामाचे नसतात. बजरीगर झाडाच्या शेंड्याकडे सरळ वर चढत जाणारा पक्षी नव्हे. तो मोठ्या थव्यांनी गवताच्या बियांच्या आणि पाण्याच्या शोधात मैलोगणती भटकणारा, आडवे उडणारा पक्षी आहे. शेपटीसकट जेमतेम 18 सेंटिमीटर लांबीचा आणि 30 ते 40 ग्रॅम वजनाचा हा जीव पंख पसरतो तेव्हा फूटभर जागा व्यापतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची ठरते. 30 इंचांत दोन टोकांना दांड्या लावून मधली जागा मोकळी ठेवली, तर पक्षी खरोखर दोन-तीन पंखफटकाऱ्यांचे उड्डाण करतो. दुकानात एकेका जोडीसोबत दिला जाणारा 12 किंवा 15 इंची पिंजरा घेतला की त्याच पक्ष्याला फक्त एका दांडीवरून दुसरीवर उडी मारता येते. तरीही 30 इंच हे सोयीचे माप नसून किमान माप आहे, असे माझे मत आहे. दिवसातून काही वेळ दारे-खिडक्या लावून आणि पंखा बंद करून पक्ष्यांना खोलीत मोकळे सोडण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी याहून लांब पिंजरा घ्यावा. पंख्याच्या बाबतीत कोणतीही सवलत नको. छताचा चालू पंखा हे आपल्या घरांतले पाळीव पक्ष्यांच्या अपघाताचे एक मोठे कारण आहे.

आता तारांविषयी. दोन तारांमधले अंतर जाहिरातीत 12 मिलिमीटर दिले होते. पट्टीने मोजल्यावर ते सर्वत्र 10 ते 12 च्या दरम्यान भरले, म्हणजे बजरीगरसाठी योग्यच. यापेक्षा रुंद अंतर असेल तर पक्षी डोके बाहेर काढतो आणि ते परत घेता न आल्याने घाबरून स्वतःला इजा करून घेतो. लांबीच्या दोन्ही बाजूंच्या तारा आडव्या आहेत, हीही चांगली गोष्ट आहे, कारण या पक्ष्यांना चोच आणि पाय वापरून तारांवर चढायला आवडते आणि उभ्या तारांवरून ते घसरतात.

मुलाम्याकडे मी अधिक बारकाईने पाहिले. स्थानिक कारागिराकडून जाळीचा पिंजरा करून घ्यायचा म्हटले, तर तो सहसा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरतो. ती स्वस्त आणि टिकाऊ असते, पण नव्या जाळीवर जस्ताचे सुटे कण आणि ओघळ राहिलेले असतात, आणि तारा कुरतडण्याची सवय असलेल्या पक्ष्याच्या पोटात ते गेले तर विषबाधा होते. अशी जाळी वापरायचीच असेल, तर ती व्हिनेगर आणि ब्रशने घासून, स्वच्छ धुऊन, काही काळ उन्हापावसात ठेवूनच वापरावी असे सांगतात. या तयार पिंजऱ्यात ती चिंता कमी आहे, कारण जोडकाम आधी आणि पावडर कोटिंग नंतर केलेले आहे; सांध्यांवरही थर नीट बसलेला दिसतो. नखाने किंवा नाण्याने खरवडून पाहिले तरी पापुद्रा निघाला नाही. मात्र पेटी उघडताच रंगाचा उग्र वास येतो. साबणाच्या कोमट पाण्याने सर्व भाग धुऊन आणि वास पूर्ण जाईपर्यंत गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवून मगच पक्षी आत सोडावेत. पक्षी घरी आणायच्या दिवशीच पिंजरा मागवण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी.

जोडणी सोपी आहे. सहा बाजू सपाट घडी करून येतात आणि तारेच्या आकड्यांनी एकमेकींत अडकतात. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लागत नाही. दोन कोपऱ्यांत तारेची टोके बाहेर आलेली होती. हे डोळ्यांना चटकन दिसत नाही, म्हणून कापसाचा बोळा सर्व तारांवरून फिरवावा. तो जिथे अडकेल, तिथे कानस फिरवावी. पक्ष्याचे पायाचे बोट किंवा पापणी अशा टोकात अडकली, तर काय होईल हे सांगायला नको.

दारे हा या सांगाड्याचा खरा दोष आहे. पुढची दोन्ही दारे आणि वाट्यांची चार छोटी दारे नुसती वर सरकतात, त्यांना खटका नाही. बजरीगर हुशार असतो. खालच्या तारेला चोच लावून दार उचलण्याची युक्ती तो शिकतो, आणि डोके बाहेर आल्यावर दार मानेवर पडण्याचा धोका असतो. प्रत्येक दाराला कागद धरण्याची स्टीलची चाप किंवा छोटा स्प्रिंगचा हूक लावल्यावर हा प्रश्न मिटला. वीस-पंचवीस रुपयांची ही वस्तू निर्मात्याने संचात का घातली नाही, हे कळत नाही. आरसा आणि घंटी मात्र त्याला आठवली. शिवाय पुढची दारे रुंदीला लहान आहेत. हात आत जातो, पण हातावर बसलेला पक्षी घेऊन तो सहज बाहेर येत नाही, आणि माणसाळवण्याच्या दृष्टीने ही अडचण मोठी आहे. एक मोठे, बाजूला उघडणारे दार असते, तर मी या सांगाड्याला जवळजवळ पूर्ण गुण दिले असते.

खालचा ट्रे खोल आहे आणि न अडखळता सरकतो. त्याच्या वर तारेची एक जाळी येते, ज्यामुळे पक्षी विष्ठेत फिरत नाहीत. ट्रेमध्ये वाळू, लाकडाचा भुसा किंवा सुगंधी दाणे घालण्याची काही गरज नाही. साधे वर्तमानपत्र घालावे आणि रोज बदलावे. यात काटकसरीपेक्षा वेगळा फायदा आहे: बजरीगर आजार लपवणारा पक्षी आहे आणि त्याच्या प्रकृतीची पहिली बातमी बहुतेक वेळा विष्ठेतून मिळते. निरोगी विष्ठा हिरवट-काळसर आणि मध्ये पांढरी असते. ती सतत पाणचट, पिवळट किंवा अख्ख्या दाण्यांसकट दिसू लागली, तर कागदावर ते एका नजरेत कळते. भुशावर कळत नाही. पावसाळ्यात या जाळीचा कमकुवतपणा उघडा पडला. विष्ठा आणि ओलावा एकत्र राहिलेल्या सांध्यांवर कोटिंग फुगले आणि खाली तांबूस गंज दिसू लागला, बाकी सांगाडा मात्र जसाच्या तसा राहिला. आठवड्यातून एकदा जाळी काढून कोमट पाणी आणि थोड्या व्हिनेगरने घासली आणि पूर्ण कोरडी करूनच परत बसवली, तर गंज पसरत नाही. फिनाइल किंवा उग्र वासाची जंतुनाशके पिंजऱ्याच्या आसपास वापरू नयेत. भोवती पडणारी फोलपटे अडवण्यासाठी काहीही सोय दिलेली नाही. जाहिरातीतल्या चकचकीत फरशीवर एकही फोलपट नाही. प्रत्यक्षात पक्ष्यांनी पंख फडफडवले की हाताच्या अंतरापर्यंत कचरा जातो. खालच्या भागाला बाहेरून सुती कापडाची झालर बांधावी, म्हणजे झाडू कमी फिरवावा लागतो.

संचातल्या सामानाची तक्रार दांड्यांपासून सुरू होते. चार दांड्या येतात, चारही प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत आणि अगदी एकाच जाडीच्या. बजरीगर दिवसरात्र पायांवरच असतो, झोपतोसुद्धा दांडीवर. एकाच जाडीची दांडी असेल, तर तळपायाच्या त्याच त्या भागावर भार येत राहतो, कातडी आधी लाल, मग घट्टेदार होते आणि शेवटी सुजून जखम होते. उपाय फुकटात होण्यासारखा आहे. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, औषधफवारणी न झालेल्या फांद्या आणाव्यात, घासून धुवाव्यात, कडक उन्हात वाळवाव्यात आणि साधारण करंगळीएवढ्या जाडीपासून अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी बसवाव्यात. साल काढू नये. ती सोलण्यात पक्ष्यांचा दिवस चांगला जातो. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. नखे झिजावीत म्हणून दांडीवर चढवायचे खरखरीत कागदाचे वेष्टणही संचात येते. त्याने नखे झिजत नाहीत, तळवे मात्र सोलवटतात. ते थेट टाकून द्यावे.

वाट्यांचे दोन प्रकार येतात: दाण्यासाठी झाकण असलेली खोबणीची वाटी आणि पाण्यासाठी उभी नळी. झाकणाखाली डोके घालायला नवे पक्षी घाबरतात, आणि नळीत शेवाळ धरते, जे घासायला बारीक ब्रश लागतो. स्टीलच्या, तारेला अडकणाऱ्या दोन उघड्या वाट्या घेतल्या की दोन्ही प्रश्न सुटतात. त्या दांडीच्या बरोबर खाली लावू नयेत, एवढेच पथ्य. नव्याने पक्षी पाळणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. बजरीगर दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. त्यामुळे संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात तीत एकही दाणा नसतो. वाटी हातात घेऊन हलकेच फुंकर मारावी, फोलपटे उडाल्यावर काय उरते ते पाहावे. भरलेल्या वाटीसमोर पक्षी उपाशी राहतात, ही गोष्ट अतिशयोक्तीची नाही.

आरसा आणि घंटी यांना विक्रेता ‘मनोरंजनाचा संच’ म्हणतो. आरशातल्या प्रतिमेला नर पक्षी जोडीदार समजतो, तिला भरवण्यासाठी खाल्लेले दाणे परत बाहेर काढत राहतो आणि खऱ्या सोबत्याकडे दुर्लक्ष करतो. घंटीच्या फटीत नख किंवा चोच अडकू शकते. त्यांच्याऐवजी नारळाच्या करवंटीला भोके पाडून टांगली, नारळाच्या सोडणाचा तुकडा किंवा कोऱ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या, तर पक्षी त्यांत अधिक रमतात.

मडक्याबद्दल मात्र माझा आक्षेप तीव्र आहे. आपल्याकडे बजरीगरच्या पिंजऱ्यात मडके टांगलेले असलेच पाहिजे, अशी जवळजवळ सर्वांचीच समजूत आहे. ‘रात्री झोपायला घर’ म्हणून विक्रेते ते देतात. बजरीगर झोपण्यासाठी घर वापरत नाही. तो दांडीवर झोपतो. ढोलीसारखी अंधारी, अरुंद जागा हा त्याच्यासाठी वीण सुरू करण्याचा संकेत आहे. मडके दिसले की मादी आत बसू लागते आणि चार ते सहा अंडी घालते. ती सुमारे 18 दिवस उबवली जातात आणि पिल्ले साधारण पाच आठवड्यांनी बाहेर पडतात. मडके काढले नाही, तर लगेच पुढची वीण. सतत अंडी घातल्याने मादीच्या शरीरातले कॅल्शियम संपते, अंडे आत अडकते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ती दगावते. वर्षभराच्या आतल्या मादीला हा धोका अधिक. आणि पिल्ले जगली, तर 30 इंचांत सहा-आठ पक्षी होतात, मग ती कोणाला तरी द्यायची, त्यांचेही पुढे तेच. ज्यांना विचारपूर्वक, नोंदी ठेवून पैदास करायची आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. दोन पक्षी हौसेने पाळणाऱ्याने हे मडके पेटीतून काढून माळ्यावर ठेवावे. नर-मादी ओळखायची तर चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग पाहतात. प्रौढ नराचा तो बहुधा निळा असतो, मादीचा फिकट किंवा तपकिरी. पैदास टाळायची असेल, तर दोन नर एकत्र सुखाने राहतात.

सोबत अर्धा किलो ‘प्रीमियम मिक्स’ दाणेही आले. त्यात सूर्यफुलाच्या बिया आणि रंगीत गोळ्यांचे प्रमाण लक्षात येण्याइतके होते. सूर्यफूल तेलकट आहे; पिंजऱ्यात मर्यादित उडणाऱ्या लहानशा पक्ष्याला त्याने चरबी चढते. साधे राळे, तेच जे काही भागांत भोगीला भात करून खातात, पण टरफलासकट, त्याच्या जोडीला थोडी बाजरी आणि वरी, एवढा दाण्यांचा पाया पुरतो. एका पक्ष्याला दिवसाला एक ते दीड छोटा चमचा लागतो. केवळ दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्वाची कमतरता हमखास आढळते, आणि ती भरून काढायला बाटलीतले थेंब नव्हे, तर रोजची भाजी लागते: कोथिंबीर, मेथी, पालक थोडा, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मक्याचे कोवळे कणीस. भाजी धुऊन, पाणी निथळून द्यावी आणि दोन-तीन तासांत उचलावी. नवे पक्षी सुरुवातीला ती ओळखतच नाहीत; तारेला जुडी बांधून ठेवली, की कुतूहलाने कुरतडू लागतात. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि फरसाणासारखे खारट पदार्थ पूर्ण वर्ज्य. संचातली एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: समुद्रफेनाचा (कटलफिश या समुद्री जीवाच्या आतल्या पांढऱ्या, ठिसूळ कवचाचा) चांगला मोठा तुकडा. तो कॅल्शियमसाठी तारेत अडकवून ठेवावा. कोकणच्या किनाऱ्यावर तो वाहून आलेला सापडतो. तसा आणलेला असेल, तर काही वेळा पाणी बदलून भिजवावा, खार निघून गेल्यावर वाळवून वापरावा.

जाहिरातीतल्या छायाचित्रात पिंजरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेला दाखवला आहे. हे छायाचित्र काढून टाकले पाहिजे. पक्ष्यांच्या श्वसनसंस्थेत फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवेतले विषारी घटक त्यांच्या शरीरात फार वेगाने शिरतात. टेफ्लॉनसारखा थर असलेला नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला आणि 260 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, की त्यातून निघणाऱ्या वायूने घरातल्या माणसांना खोकलाही येण्यापूर्वी पक्षी मरू शकतो. आंबोळ्या किंवा डोसे करण्यापूर्वी तवा कडकडीत तापवत ठेवण्याची सवय असलेल्या घरांत हा धोका पुस्तकी नाही. मिरचीच्या फोडणीचा खकाणा, उदबत्ती, धूप, डास मारायची कॉइल, खोलीत फवारायचा सुगंध, हे सर्व त्याच यादीत येते. दिवाळीच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवावा. धूर आणि आवाज दोन्हींपासून बचाव होतो. पिंजऱ्याची योग्य जागा म्हणजे माणसांची ये-जा असलेली खोली, एक बाजू भिंतीला टेकलेली, उंची साधारण आपल्या छातीइतकी, सकाळचे कोवळे ऊन काही वेळ येईल पण दुपारचे येणार नाही अशी. बाल्कनीत कावळे, मांजरे आणि रात्री उंदीर येतात, आणि 10 मिलिमीटरची फट मांजराच्या नखाला पुरेशी असते.

उन्हाळ्यात पिंजऱ्याचा वरचा भाग उघडा, जाळीचाच असल्याचा फायदा झाला, हवा खेळती राहिली. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकू लागला, तर त्याला उष्णता सोसत नाही असे समजावे. पिंजरा गार जागी हलवावा आणि उथळ वाटीत आंघोळीला पाणी द्यावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर मात्र येऊ देऊ नये. रात्री 10 ते 12 तास शांत अंधार लागतो. त्यासाठी संचासोबत येणारे आवरण पॉलिएस्टरचे, चारही बाजूंनी बंद होणारे आहे. ते घातल्यावर आत उबारा साचतो. जुने सुती लुगडे दुहेरी करून तीन बाजूंवर टाकले तर काम अधिक चांगले होते. चौथी बाजू थोडी उघडी आणि खोलीत मिणमिणता दिवा असावा, कारण पूर्ण अंधारात दचकलेला बजरीगर तारांवर आपटत राहतो.

स्टँडविषयी थोडक्यात: चाके प्लॅस्टिकची आहेत, गुळगुळीत फरशीवर चालतात, दरवाजाच्या उंबऱ्यावर अडतात, आणि दोनच चाकांना खटका आहे. लहान मुले असलेल्या घरात स्टँडपेक्षा भक्कम टेबल बरे.

या मापाचा पिंजरा रिक्षातून नेणे गैरसोयीचे असते, ही गोष्ट विकत घेताना कोणाच्या लक्षात येत नाही. पक्ष्याला डॉक्टरांकडे न्यायची वेळ येते तेव्हा ती सहसा घाईची असते: पक्षी पिसे फुगवून तळाशी बसलेला असतो, श्वासागणिक शेपटी वरखाली होत असते किंवा चोचीभोवती मधाच्या पोळ्यासारखी खरबरीत पुटे चढलेली असतात. हे शेवटचे लक्षण माइट नावाच्या एका सूक्ष्म परजीवी किडीचे असून योग्य औषधाने ते पूर्ण बरे होते. घरी तेल लावत बसू नये. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरातही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतरत्र आपल्या जवळ कोण पक्षी तपासतात, हे पक्षी आणण्यापूर्वीच विचारून ठेवावे. म्हणून या पिंजऱ्यासोबत एक लहान, हातात धरता येणारा पिंजरा खर्चात धरावाच. एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटाही घ्यावा, कारण 35 ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन तीन-चार ग्रॅमने उतरले तर डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते. पिंजरा साफ करताना कोरडी विष्ठा झाडून धूळ उडवू नये, आधी ओली करावी. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजार त्या धुळीतूनच पसरतो. घरात कोणाला रेंगाळणारा ताप आणि कोरडा खोकला असेल, तर पक्षी पाळल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खर्चाचा हिशेब मांडला, तर सांगाडा, स्टीलच्या वाट्या, चापा, लहान पिंजरा आणि काटा मिळून रक्कम साडेपाच हजारांच्या आसपास जाते; फांद्या, करवंट्या आणि सुती कापड घरचेच. पक्ष्यांची जोडी याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते, म्हणून अनेकांना हा खर्च विसंगत वाटतो. पण बजरीगर नीट सांभाळला तर सात-आठ वर्षे सहज जगतो, आणि तेवढा काळ पिंजऱ्याची लांबी काही वाढत नाही. स्थानिक कारागिराकडून याच मापाचा, मोठे दार असलेला आणि जोडकामानंतर पावडर कोटिंग केलेला पिंजरा मिळत असेल, तर मी त्यालाच पहिली पसंती देईन, भले तो हजार रुपयांनी महाग पडो. तशी सोय नसेल, तर हा घ्यावा आणि शक्यतो ‘संपूर्ण संच’ न घेता नुसता सांगाडा मिळतो का ते विक्रेत्याला विचारावे. आम्ही विचारले तेव्हा सामानाशिवाय दिल्यास चारशे रुपये कमी करण्याची तयारी एका विक्रेत्याने दाखवली. ट्रे किंवा खालची जाळी मात्र सुटी मिळत नाही, असे त्याचे उत्तर आले. गंज आधी त्या जाळीलाच लागत असल्यामुळे, तिचे माप घेऊन ठेवावे आणि जवळच्या फॅब्रिकेटरकडून स्टेनलेस स्टीलची एक जाळी करून घ्यावी.